1967 च्या शेव्हेलमध्ये हर्स्टचा शिफ्टर: खोका उघडण्याआधी काय तपासाल, उघडल्यावर काय कराल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 1967 ची शेव्हरलेची शेव्हेल घेतली आहे, 396 घन इंचांचं इंजिन, मागे जनरल मोटर्सचा मन्सी हा चार गिअरचा गिअरबॉक्स. दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडी मध्येच अडकते, पहिला शोधायला जावं तर कधी रिव्हर्सच्या कोपऱ्यात शिरते, आणि न्यूट्रलमध्ये तिला काही धरबंध नाही. म्हणून हर्स्ट कंपनीचा कॉम्पिटिशन प्लस शिफ्टर, म्हणजे गिअरची दांडी आणि तिची यंत्रणा, मागवला आहे. घरच्या गॅरेजमध्ये जॅक आणि स्टँडवर हे काम शनिवार-रविवारात होईल का, फ्लोअर कापावा लागेल का, आणि आखूड दांडी घ्यावी का?

काम घरी होतं. दोन दिवसांतही होतं, पण मन्सीवर शिफ्टर बसवण्यात जेवढा वेळ जातो त्याहून जास्त तो जुळवण्यात गेला पाहिजे. बहुतेकांचं उलट होतं. शिफ्टर लटकवला, रॉड जोडले, चारही गिअर पडले की गाडी खाली उतरवतात, आणि सहा महिन्यांनी तिसरा गिअर आपोआप बाहेर येऊ लागला की गिअरबॉक्सला दोष देतात.

खोका उघडण्याआधी एक शंका मिटवून घ्या. दोष शिफ्टरमध्येच आहे ना? इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सुरळीत पडतात आणि चालू गाडीत करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आणखी एक परीक्षा आहे: इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबलेला, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. मन्सीचे पुढचे चारही गिअर सिंक्रोचे (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगांचे) आहेत, रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे क्लच जरा जरी ओढत असेल तर रिव्हर्स लगेच ओरडून सांगतो. पेडलची मोकळी चाल साधारण 1 इंच असावी. चाल फारच जास्त असेल तर आधी क्लचचा रॉड आणि झेड बार (पेडलची चाल क्लचपर्यंत नेणारा दांडा) बघा. झेड बारचे बुश इतक्या वर्षांत गेलेले असतात आणि त्याकडे कोणी बघत नाही.

क्लच ठीक असेल तर गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या आणि खाली शिरा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका, अगदी क्लिप काढण्यापुरतंसुद्धा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आता शिफ्टरकडून येणारे तिन्ही रॉड सोडवा आणि गिअरबॉक्सचे लीव्हर हाताने हलवून बघा. मन्सीच्या बाजूच्या झाकणावर दोन लीव्हर असतात: पुढचा तिसऱ्या-चौथ्याचा, मागचा पहिल्या-दुसऱ्याचा. रिव्हर्सचा तिसरा लीव्हर मागच्या हाउसिंगवर वेगळा असतो. बाजूच्या दोन्ही लीव्हरना प्रत्येकी तीन जागा आहेत, मधली न्यूट्रल. प्रत्येक जागी ते स्पष्ट 'टक्' करून बसले पाहिजेत. झाकणात इंटरलॉक आहे, म्हणून एक लीव्हर गिअरमध्ये असताना दुसरा हलणार नाही. तो बिघाड समजू नका. पहिला न्यूट्रलला आणा, मग दुसरा तपासा.

लीव्हर हातानेही जड जात असतील, टक् लागत नसेल किंवा तिसऱ्यात जाताना आतून काही घासत असेल, तर दोष झाकणाच्या आत आहे: झिजलेले फोर्क (गिअर सरकवणारे काटे), डिटेंटची (लीव्हरला जागेवर 'टक्' बसवणारी) स्प्रिंग किंवा सिंक्रोची रिंग. मग कितीही महागडा शिफ्टर लावा, दांडी तिथेच अडकेल. हे झाकण सात बोल्टांचं असतं आणि गिअरबॉक्स गाडीत असतानाच, तेल काढून, उघडता येतं. पण तुमची लक्षणं मला तशी वाटत नाहीत. दांडी लोंबकळते आणि चुकीच्या फटीत जाते, याचा अर्थ बुश आणि गेट (दांडी ज्या फटींतून फिरते त्या) झिजले आहेत. भारतात ज्यांनी जुनी अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवली त्यांना हा रोग ओळखीचा आहे. स्टिअरिंगवरचा गिअर दोन जागांच्या मध्ये फसायचा आणि ड्रायव्हर भर चौकात बॉनेट उघडून हाताने लीव्हर सरळ करायचा. लांब रॉड आणि झिजलेले बुश असले की कुठल्याही देशातल्या गाडीत हेच होतं.

एवढ्यात सात बोल्ट मोजले असतीलच, तर तो मन्सीच आहे हेही पक्कं करा. बोर्ग वॉर्नर टी-10 च्या झाकणाला नऊ बोल्ट असतात. सॅगिनॉच्या झाकणालाही सात असतात, पण त्याची केस लोखंडी असते आणि रिव्हर्सचा लीव्हरही त्याच झाकणावर असतो. मन्सीची केस अ‍ॅल्युमिनियमची. 1966-67 च्या केसवर सहसा 3885010 हा कास्टिंग नंबर सापडतो. तो आणि P ने सुरू होणारा ठोकलेला तारखेचा कोड, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. गाडी पुढे कधी विकायची झाली तर हे फोटो उपयोगी पडतात. काढलेला जुना शिफ्टरही फेकू नका. रॉडसकट चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

ओळख पटवायचं दुसरं कारण कीट. शिफ्टरची यंत्रणा एक, आणि ती त्या-त्या गाडीला, त्या-त्या गिअरबॉक्सला जोडणारं कीट वेगळं: पट्टी, रॉड, लीव्हर, बुश, क्लिपा. तुम्ही फक्त यंत्रणा मागवली असेल तर काम सुरू करू नका. मन्सीत एक खोच आहे. 1968 पर्यंतच्या झाकणात लीव्हरच्या शाफ्टला बाहेर आटे असलेला स्टड असतो आणि वरून नट लागतो. 1969 पासून शाफ्टच्या आत आटे आले आणि बाहेरून बोल्ट लागू लागला. कीटमधले लीव्हर त्याप्रमाणे वेगवेगळे येतात. गाडी 1967 ची म्हणून झाकणही 1967 चं असेल असं धरून चालू नका. पन्नासहून जास्त वर्षांत किती जणांनी काय बदललं कोणाला ठाऊक. खाली जाऊन स्टड दिसतो की बोल्ट, ते बघूनच ऑर्डर पक्की करा. (गाडी 1969 ची किंवा नंतरची असती तर आणखी एक भानगड होती: स्टिअरिंगचं कुलूप आलं आणि रिव्हर्सच्या लीव्हरपासून स्टिअरिंग कॉलमपर्यंत एक जादा रॉड गेला, जेणेकरून रिव्हर्समध्ये ठेवल्याशिवाय किल्ली निघू नये. तुम्ही त्यातून सुटलात.)

हर्स्टच का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण माहीत असलेलं बरं. जॉर्ज हर्स्ट आणि बिल कॅम्पबेल यांची पेनसिल्व्हेनियातली कंपनी शर्यतीच्या पोरांसाठी शिफ्टर बनवायची. पाँटिअ‍ॅकने तो 1964 च्या जीटीओमध्ये कारखान्यातच बसवला, आणि शेव्हरलेच्या 1969 च्या कॅमारोतही तो मूळचाच येऊ लागला. जाडजूड पोलादी यंत्रणा, तिसऱ्या-चौथ्याच्या बाजूला ओढणारी स्प्रिंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दांडीची चाल रोखणारे दोन स्टॉप बोल्ट. या बोल्टांकडे परत येतो, कारण अर्धं काम तिथेच आहे.

आता काढणं. पानेपेटी इंचांची हवी. 13 मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटला बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. आतून कन्सोल असेल तर तो, मग रबरी बूट, मग दांडी काढा. खालून तिन्ही रॉड, रिव्हर्स लाइटचा स्विच असेल तर त्याची वायर, आणि शेवटी शिफ्टरची पट्टी. जुने लीव्हर काढण्याआधी ते वर की खाली तोंड करून होते याचा फोटो घ्या. लीव्हर उलटा बसला की चाल उलटते: पहिला टाकला तर दुसरा पडतो आणि माणूस रॉडशी झगडत बसतो. अर्थात कीटमधल्या लीव्हरची दिशा जुन्याहून वेगळी असू शकते. शेवटचा शब्द कीटच्या चित्राचा.

हात पोहोचत नसेल तर गिअरबॉक्सच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने आधार द्या, क्रॉसमेंबरचे (गिअरबॉक्स पेलणाऱ्या आडव्या पट्टीचे) बोल्ट सोडा आणि मागचं टोक थोडंसं खाली घ्या. थोडंसंच. शेव्हरलेच्या व्ही-8 ला डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागच्या टोकाला असतो. मागचा भाग खाली गेला की इंजिन मागे झुकतं आणि डिस्ट्रिब्युटरचं टोपण फायरवॉलवर आपटून तडकतं. टोपण आधीच काढून बाजूला ठेवलं की चिंता मिटते. पंख्याकडेही एकदा नजर टाका, रेडिएटरची जाळी जवळ असते. आणि इंजिन खालीवर करत आहातच, तर डाव्या बाजूचं इंजिन माउंट बघून घ्या. त्या काळच्या शेव्हरले व्ही-8 मध्ये ते रबर फाटलं की जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाची डावी बाजू उचलली जाते. 1971 मध्ये जनरल मोटर्सने याच कारणासाठी लाखो शेव्हरले गाड्या परत बोलावल्या होत्या. शिफ्टर गिअरबॉक्सला बसतो, म्हणजे इंजिन उचललं की दांडीही फिरणार आणि फ्लोअरच्या भोकाच्या कडेवर आपटणार. मग तुम्ही शिफ्टरला नावं ठेवणार.

नवीन पट्टी मागच्या हाउसिंगवर बसते. हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट पोलादी. आटे आधी साफ करा, बोल्ट हाताने पूर्ण आत जातो का बघा, मगच पाना लावा. आटे गेलेलेच सापडले तर मोठा बोल्ट ठोकून बसवू नका, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला. पट्टी किंचितही हलता कामा नये. इथे एक केसभर खेळ राहिला तर वर दांडीच्या मुठीशी तो बोटभर होतो. शिफ्टर पट्टीवर लावला की दांडी न लावताच त्याच्या भोवती हात फिरवून बघा: एक्झॉस्टचा पाइप, हँडब्रेकची केबल, फ्लोअरचा पत्रा. लांब हेडर (इंजिनापासून निघणारे एक्झॉस्टचे खास पाइप) लावलेले असतील तर रॉड आणि पाइप यांच्यात बोटभर तरी जागा हवी. तापला की पाइप सरकतो, आणि बुश नायलॉनचे असतील तर जवळच्या उष्णतेने मऊ पडतात. माझं मत विचाराल तर हेडर असलेल्या गाडीत पोलादी बुश लावा. आवाज थोडा वाढतो, पण बुश टिकतात.

आता जुळवणी. तिन्ही लीव्हर न्यूट्रलला आणा. बाजूच्या दोघांची मधली जागा. रिव्हर्सच्या लीव्हरला मात्र दोनच जागा आहेत, एक रिव्हर्स आणि एक न्यूट्रल, मधे काही नाही. कुठली कोणती याबद्दल मनात किंतु असेल तर मागची चाकं उचललेली असताना प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. तिन्ही न्यूट्रलला असतील तर तो मोकळा फिरतो.

शिफ्टरच्या बाजूला आरपार एक भोक आहे. यंत्रणेचे तिन्ही लीव्हर न्यूट्रलला रांगेत आले की त्यातून पाव इंची पिन सरळ आत जाते. पिन हरवली असेल तर पाव इंची ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग चालतो. पिन आत राहू द्या. आता एकेक रॉड घ्या. त्याच्या टोकाचा समायोजक आट्यावर पुढे-मागे फिरवून असा आणा की तो शिफ्टरच्या लीव्हरच्या भोकात काहीही न ओढता, न ढकलता शिरेल. इथे लोक अर्ध्या फेऱ्यासाठी घाई करतात: जरा ओढलं की बसतं, म्हणून बसवून टाकतात. त्या ओढण्याचा अर्थ गिअरबॉक्समधला लीव्हर न्यूट्रलच्या मध्यावर नाही, तो आधीच एका गिअरकडे कललेला आहे. असे तीन रॉड जरा-जरा ओढून बसवले की गेट जुळत नाही आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तुमची दांडी पुन्हा तिथेच अडकेल जिथे आज अडकते. अर्धा फेरा फिरवा, परत घालून बघा.

तिन्ही रॉड बसले, क्लिपा लागल्या, चेकनट (जुळवणी हलू न देणारे नट) आवळले, की पिन काढा. ती दोन बोटांनी सहज निघाली पाहिजे. मग दांडी लावा, सगळे गिअर फिरवा, न्यूट्रलला या आणि पिन पुन्हा घाला. सहज गेली तर झालं. अडली तर कुठला रॉड दोषी आहे ते एकेक सोडवून शोधा. चेकनट आवळताना समायोजक सोबत फिरतो आणि जुळवणी हलते, त्यामुळे दोन पाने लागतात: एक धरायला, एक आवळायला.

आता ते स्टॉप बोल्ट. शिफ्टरच्या चौकटीत पुढे एक आणि मागे एक. काम सुरू करताना दोन्ही जवळजवळ पूर्ण बाहेर काढा, फक्त थोडे आटे धरून राहतील इतके. आतून एकाने दांडी तिसऱ्यात टाकून पुढे घट्ट दाबून धरायची. खालून दुसऱ्याने त्या बाजूचा बोल्ट आत फिरवत न्यायचा, टेकल्याचं बोटाला जाणवलं की थांबायचं. दांडी सोडायची, बोल्ट एक फेरा मागे घ्यायचा आणि चेकनट आवळायचा. मग दांडी चौथ्यात टाकून मागे ओढून धरायची आणि दुसऱ्या बोल्टचं तसंच. शेवटी पहिला आणि दुसरा पूर्ण बसतात का ते तपासायचं.

एक फेरा मागे का? बोल्ट नसते तर तुमच्या हाताचा सगळा जोर रॉडमधून फोर्कवर आणि सिंक्रोच्या स्लीव्हवर जातो. गिअर बसून गेल्यावरही माणूस दांडी ढकलतोच, विशेषतः पेटलेला असला की. तो जोर फोर्क वाकवतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाला ताण देतो. स्टॉप बोल्ट तो जोर गिअरबॉक्सच्या बाहेर, शिफ्टरच्या पोलादी चौकटीवर घेतो. उलट बोल्ट फार आत राहिला तर गिअर पूर्ण बसण्याआधीच दांडी थांबते. दात अर्धेच अडकतात, जोर आला की गिअर बाहेर उडी मारतो, आणि प्रत्येक उडीत दातांची टोकं गोल होतात. बोल्ट जास्त बाहेर ठेवणं मला त्यातल्या त्यात परवडतं, पण आत कधीच नको. सहा महिन्यांनी बाहेर येणारा तो तिसरा गिअर म्हणालो होतो, त्याचं कारण बहुधा हेच सापडतं.

रिव्हर्स या शिफ्टरमध्ये डावीकडे आणि पुढे आहे. तिथे जाताना स्प्रिंगचा विरोध जाणवतो आणि तो असायलाच हवा, म्हणून "जड आहे" म्हणून ती स्प्रिंग काढू नका.

तेलाचं एका ओळीत: बाजूचं झाकण उघडलं असेल किंवा तेल कधी बदललं ते ठाऊक नसेल तर जीएल-4 प्रतीचं 80डब्ल्यू-90 घाला, सुमारे 3 पिंट, म्हणजे 1.4 लिटर. जीएल-5 सहज मिळतं, पण त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत.

फ्लोअर. तुमची गाडी कारखान्यातून चार गिअरची आलेली असेल तर भोक आणि त्यावरचा उंचवटा आहेच, काही कापायचं नाही. दांडी भोकाच्या कडेला लागत असेल तर कापायची कानस हातात घेण्याआधी पट्टी योग्य भोकांत बसली आहे ना आणि इंजिन व गिअरबॉक्सचं माउंट शाबूत आहे ना ते बघा. दहापैकी नऊ वेळा कारण तिथेच असतं. मात्र गाडी मूळची ऑटोमॅटिक असून कोणीतरी नंतर मन्सी घातला असेल तर फ्लोअरची अवस्था काहीही असू शकते. तेव्हा पत्र्याचा तयार उंचवटा विकत घेऊन वेल्ड करणं हाच नीट मार्ग, टिनाचे तुकडे रिव्हेट मारून नाही. खालून येणारा एक्झॉस्टचा वायू आणि पाणी दोन्ही त्या फटींतून आत येतात.

आखूड दांडीबद्दल. दांडी आखूड केली की हाताची चाल कमी होते आणि त्याच प्रमाणात जोर जास्त लागतो, कारण तरफेचा लांब भागच तुम्ही कापलेला असतो. थंड सकाळी, गिअरबॉक्सचं तेल घट्ट असताना, दुसरा टाकायला ती फारच हट्टी वाटते. शिवाय सीट कुठली आहे ते महत्त्वाचं: दोन वेगळ्या बकेट सीट असतील तर एक वाक, पुढची सीट अखंड बाकासारखी असेल तर दांडीला सीटच्या पुढून वळसा घालून यावं लागतं, आणि कन्सोल असेल तर तिसराच वाक. तुम्ही सीटचा उल्लेख केला नाहीत. दांडी मागवण्याआधी सीटवर बसून, ती पुढे घेऊन, दुसऱ्या आणि चौथ्या गिअरची मूठ जिथे यायला हवी तिथे हात धरून बघा. दांडी दोन बोल्टांनी लागते, त्यामुळे आधी सामान्य लांबीची लावा, महिनाभर चालवा, आणि तरीही आखूड हवीशी वाटली तर दहा मिनिटांत बदला. पहिल्या शंभरेक मैलांनंतर एकदा खाली जाऊन पट्टीचे बोल्ट, लीव्हरचे नट आणि तिन्ही चेकनट तपासा. तेव्हाच पिनही परत घालून बघा.